पक्का वाजणारा गज

दिवस मावळला की कैदी मोजून बराकीत कोंडायचे आणि मग खिडकीचा एकेक गज दंडुक्यानं वाजवायचा, ही जेलातली रीत. कापलेला गज भद्द वाजतो, पक्का खणखणतो. तिथं शिपाई म्हणून माझा कान असा तयार झाला होता की राजुऱ्यात कुणी पातेलं ठोकलं असतं, तर चंद्रपुरात बसून मी त्याची चीर सांगितली असती. वाढवून सांगतोय, पण थोडंच.

एका संध्याकाळी एक गज मी वाजवला, खणखणीत वाजला. सकाळी त्याच गजाला एक कोवळा कैदी लटकलेला सापडला. चौकशी झाली. गज तपासला होता? होता. पक्का होता? पक्का होता. संपली चौकशी.

तेव्हापासून मला पक्क्या वस्तूंचाच संशय यायला लागला. ड्युटीवरून आलो की घरच्या खिडक्या वाजवायच्या. पंख्याचा हूक, कपड्यांची तार, सगळे माझ्या मते एका कटात सामील. दूधवाला हसला तर का हसला? जावई हसला नाही तर काय लपवतोय? शेजाऱ्याच्या कोंबड्याची मी झडती घेतली असं मोहल्ल्यात सांगतात. साफ खोटं. कोंबडा पळून गेला होता.

मग मुलगी बाळंतपणाला आली. बायकोनं जुन्या लुगड्याची झोळी छताच्या कडीला बांधली, झोळीत नातू. ड्युटीवरून येऊन पाहतो तो झोळी हलतेय. मी पोराला उचललं आणि झोळी सोडून टाकली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मुलगी आडवी आली.

"बाबा, काऊन सोडता? पोरगं झोपून नाई राह्यलं!"

"कडी पक्की आहे."

"पक्की आहे तं सोडता काऊन?"

तिनं बॅग भरून दाराशी ठेवली. "आता सोडली तं मी पोराले घेऊन गोंडपिपरीले चालली."

"मी बी चालली," बायको आतून म्हणाली. "तुमी बसा खिडक्या वाजवत. डॉक्टरले दाखवा म्हणते, तं ऐकत नाई!"

डोक्याच्या डॉक्टरचं आमच्यात कुणी नाव काढत नसे. तिथं गेलेल्या शिपायाच्या हातातली बराकीची चावी जाते, सगळं सायबांच्या कानावर पडतं, अशी बोलवा. म्हणून दवाखान्यात गेलो तो तोंडाला दुपट्टा गुंडाळून. नाव विचारलं की खोकायचो. आत एक तरुण डॉक्टरबाई. तिच्या पेनात कॅमेरा असणार हे मी दारातूनच ताडलं. मग तिला वाघाची गोष्ट सांगितली. बराकीत शिरला आणि कैद्यांसोबत गुमान हजेरीला उभा राहिला. झोप? फस्क्लास! मी घोरलो की ताडोबातून उत्तर येतं.

ती ऐकत होती. माझं लक्ष मात्र तिच्या खिडकीकडे. शेवटी राहवेना. उठलो आणि गाडीच्या किल्लीनं गज वाजवला.

"कसा वाजला, भाऊ?"

"पक्का."

"मग बरंच आहे की."

"बरं कुठी आहे, बाई? पक्का होता म्हणूनच तं तो पोरगा..."

पुढे वाघ काही आला नाही. बराच वेळ मीच बोललो आणि दुपट्टा ओला झाला. यातलं बाहेर काही जाणार नाही, असं ती म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. पुढल्या आठवड्यात या म्हणाली, तर गेलो. तिच्यावर नजर ठेवायला.

घरी त्या भांडणापासून मुलीनं झोळी बांधलीच नव्हती. पोरगं मांडीवर किरकिरत होतं, बॅग दाराशीच. त्या दिवशी दवाखान्यातून आलो तर मुलीनं लुगडं माझ्या हातात दिलं.

"घ्या. तुमीच बांधा."

स्टुलावर चढलो, आधी कडी वाजवली. गाठ मारली, ओढून पाहिली, परत ओढली. पक्की होती. तिनं पोराला आत ठेवलं.

"सोडसान नाई ना, बाबा?"

"नाई सोडत."

खाली चटई टाकून बसलो. एक डोळा कडीवर, दुसरा दाराशी. मला त्या बॅगेचाच जास्त संशय होता. पोरगं घोरायला लागलं, तेव्हा मुलीनं बॅग उचलली आणि आतल्या खोलीत नेली.