मावळतीकडे दाखवलेला हात

"साक्षीदार, पूर्व कुठली ते दाखवा."

आप्पा कपाटाशेजारी उभा होता. खांद्यावर घोंगडं, पायताण दाराबाहेर. समोर खुर्चीत हे विचारणारे वकीलसाहेब, बाकावर त्यांचे दोन ज्युनिअर. कोपऱ्यात मी, आप्पाचा मुलगा. वकिलीची सनद नुकतीच हातात आलेली.

आप्पानं हात उचलला आणि खिडकीकडे दाखवला. खिडकीतून संध्याकाळचं ऊन सरळ त्याच्या तोंडावर येत होतं.

बाकावरचे दोघे खो खो हसले. "अहो मामा, तिकडं सूर्य बुडतोय!"

"बघितलंत?" साहेब म्हणाले. "आता हा सांगणार, बांध कुठल्या बाजूचा. संपली साक्ष."

सांगलीतल्या त्या ऑफिसात दर शनिवारी हे चाले. अशिलाला कपाटाशेजारी उभं करायचं आणि ज्युनिअरांनी त्याची उलटतपासणी घ्यायची. कोर्टात काय विचारतील त्याची तालीम. पद्धत वाईट नाही. पण त्या दिवशी अशील कोणी नव्हता. मी नोकरीसाठी भेटायला गेलो होतो, आप्पा सोबत आला होता. साहेबांनी त्यालाच उभं केलं. त्याला विचारलं नाही. मलाही नाही.

मग ते माझ्याकडे वळले. "आता तू विचार. धनगर साक्षीदार कसा फोडायचा, तुझ्याइतकं कोणाला कळणार?"

मी उठलो. आप्पाच म्हणाला, "इचार की रं. भिऊ नगंस."

मी विचारलं नाही. परत कोपऱ्यात गेलो.

"शिकेल हळूहळू," साहेब म्हणाले. "सोमवारपासून ये. आधी घरी यायचं, बाईसाहेबांची कामं करायची, मग ऑफिस. आणि म्हाताऱ्याला परत आणू नकोस. घोंगड्याचा वास मारतो."

हे आप्पाच्या देखत. आप्पानं हात जोडले.

जिन्यात एक ज्युनिअर मागून आला. हळूच म्हणाला, "हसलो म्हणून राग मानू नकोस, गड्या. जो हसत नाही त्याला इथं केस मिळत नाही." त्याचे डोळे माझ्यापेक्षा थकलेले होते.

एसटी स्टँडवर आप्पानं फडक्यातली भाकरी सोडली. मला राहवेना.

"आप्पा, सारी हयात उघड्या माळावर काढलीस. तुला पूर्व म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत नसाय काय झालं?"

"मग?"

"मला वाटलं, तुजी परीक्षा हाय, आन् सायबाला साक्षीदार चुकलेला हवा हाय. मी बरुबर बोललो असतो तर तू हरला असतास की. नोकरी कुणी दिली असती?" त्यानं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "मिळाली न्हवं? मग झालं तर."



रविवार घरी काढला. कवठे महांकाळच्या पुढं आमचं गाव, तिथला माळ, तिथल्या बाभळी. माझ्या शिक्षणापायी निम्मा कळप विकला होता. बाकीच्या वकिलांनी मला पहिलं एकच विचारलं होतं, वडील कुठल्या कोर्टात असतात? दारं झिजवून मी थकलो होतो. वाटलं, घ्यावी ही नोकरी. वर्षभर सोसावं, मग बघू. मग वाटलं, जिन्यातल्या त्या ज्युनिअरलाही पहिल्या दिवशी असंच वाटलं असेल. पुढच्या शनिवारी कपाटाशेजारी दुसऱ्या कोणाचा तरी आप्पा उभा असणार, आणि बाकावर मी. हसणारा.

सोमवारी थेट ऑफिसात गेलो. दारातच सांगितलं, "नोकरी नको, साहेब."

"का? वास म्हटल्याचा राग आला?"

"व्हय. आला."

शहरात मी जपून 'हो' म्हणायचो. त्या दिवशी जपलं नाही.

"मग काय, मेंढरामागं जाणार?"

"वकिली करणार. तालुक्याला."

"आणि अशील कोण देणार तुला?"

मी जिना उतरलो.

आप्पाला सांगितलं. तो खूश झाला नाही. बराच वेळ काठीनं माती उकरत बसला. मग म्हणाला, "म्हंजी मी उगंच येडा झालो म्हण की."



आता तालुक्याच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली माझं टेबल आहे. कितीतरी दिवस कोणी फिरकत नाही. अंग कामानं नाही, वाट बघून दुखतं. अशील आला तर त्याची तालीम मीही घेतो, कडक घेतो. पण त्याला बसवून. हसायला कोणी नसतं.

चार पैसे कमी मिळोत, मुळीच न मिळोत. माझ्या पोटासाठी माझ्या बापानं पुन्हा मावळतीला पूर्व म्हणायचं नाही.