दोनशे अकरा पाठींचा ठावठिकाणा

सकाळचे साडेआठ. इस्त्री तापली होती, ह्यांच्या शर्टाची कॉलर चालली होती आणि सासूबाई खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या कोड्याला शिव्या घालत होत्या. तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. बेल असताना दार ठोठावणारा माणूस घाबरलेलाच असतो.

दारात मणक्यांचे डॉक्टर, सासूबाईंचे एकेकाळचे साहेब. एका पायात काळा मोजा, दुसऱ्यात निळा, काखेत पाच जुन्या वह्या. मागे चौकशी समितीच्या बाई, चेहरा कडक इस्त्रीचा.

"फोनबाई, बुडालो!" डॉक्टर म्हणाले.

सासूबाई त्यांच्या इस्पितळात एकवीस वर्षं कारकून होत्या. ज्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं त्यांना दर वर्षी फोन करून पाठ कशी आहे विचारायचं आणि वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. म्हणून त्या फोनबाई. त्या वह्यांवर डॉक्टरांनी चाळीस शोधनिबंध लिहिले आणि जगभरच्या डॉक्टरांनी त्यांचे आठ हजार दाखले दिले.

"आठ हजार वेळा तुमचं नाव घेतलं?" सासूबाई म्हणाल्या. "माझं नाव आमच्या ह्यांनी जन्मात आठ वेळा घेतलं नसेल."

पण आता तक्रार आली होती. ऑपरेशननंतर दहा वर्षांनी दोनशे बारापैकी दोनशे अकरा रुग्ण सापडतातच कसे? आकडे रचलेले आहेत! तसं ठरलं तर चाळीसच्या चाळीस निबंध मागे घ्यावे लागणार.

"निम्मे नंबर बंद आहेत," समितीच्या बाई म्हणाल्या, "आणि बाकी जे लिहिलंय ते आम्हाला झेपत नाही."

"रचलेले?" सासूबाईंनी चष्मा काढला. त्यांचा चष्मा उतरला की आमच्याकडे मांजरसुद्धा पलंगाखाली जातं. "कुठलंही पान उघडा."

बाईंनी उघडलं. "क्रमांक सदतीस. 'गवंडी. फोन सारखा हरवतो. मेव्हणीला विचारा. दुपारी नको, झोपमोड झाली की चावते.' हा पुरावा?"

"आत्ता सकाळ आहे," म्हणत सासूबाईंनी फोन लावला. मेव्हणीने नंबर दिला आणि तिसऱ्या मिनिटाला गवंडी स्पीकरवर.

"फोनबाई! आहात अजून?"

"माझं सोड, तुझी पाठ सांग. शून्य ते दहा, किती दुखते?"

"शून्य! तिसऱ्या मजल्यावर परांचीवर उभा आहे."

"नीट धर मेल्या! पाठीत स्क्रू घातलेत, पंख नाहीत!"

क्रमांक एकशे चार शिवणकाम करणारी. घटस्फोट, दुसरं लग्न, तीन घरं बदललेली. नोंद होती, 'पहिल्या सासूला विचारा. राग आहे, पण खबर पक्की ठेवते.' पहिल्या सासूने नवा नंबर तर दिलाच, वर नव्या नवऱ्याला टक्कल पडतंय हेही सांगितलं. समितीच्या बाईंनी फाइल तोंडापुढे धरली, पण खांदे हलत होते. इकडे इस्त्रीखाली ह्यांची कॉलर केव्हाच जळली होती.

अकरा वाजेपर्यंत दहा जण निवडले, दहाही सापडले.

"आणि तो दोनशे बारावा?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

"तोही सापडला होता की. पण म्हणाला, आता पुरे, मी सापडलो नाही असं लिहा. लिहिलं."

"म्हणजे आकडा रचलेला नाहीच, उलट एकाने कमी आहे!" बाईंनी फाइलवर सही ठोकली.

डॉक्टरांनी अशी उडी मारली की त्यांच्याच रुग्णांना ती सक्त मना असेल. "फोनबाई, तुमचा सत्कार! मोठं सभागृह, भाषणं, फोटो!"

सासूबाईंचं लक्ष नव्हतं. फाइलीतल्या ताज्या निबंधाच्या पहिल्या पानावर सात नावं होती आणि त्या एकेकावर बोट ठेवत होत्या.

"ह्यांनी काय केलं?"

"आकडेमोड."

"आणि ह्यांनी?"

"ते... विभागप्रमुख आहेत."

"हो, पण केलं काय?"

डॉक्टर आपल्या मोज्यांकडे बघू लागले. बहुधा तेव्हाच त्यांना दोन रंग दिसले.

सासूबाईंनी चष्मा परत चढवला.

"सत्कार नको. पुढच्या निबंधात लेखकांमध्ये माझं नाव घाला."