सरळ निघालेला शंख

तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलं म्हणे, की आजी आता शास्त्रज्ञ झाली. आधी ही दुरुस्ती करून घ्या. आजीने फक्त दोऱ्याचे गोळे विणले. बाकी सगळं वरच्या खोलीत राहणाऱ्या मुलीचं आहे. काय घडलं ते क्रमाने लिहिते, म्हणजे घोटाळा नको.

ही मुलगी विद्यापीठात पीएचडी करते. तिच्या घरी मेंढरं आहेत आणि थोडी कोरडवाहू शेती. तिचा विषय आहे फार जुन्या समुद्रातल्या जिवांची कवचं. वाळूच्या कणाएवढी असतात आणि दगडात सापडतात. जीव वाढतो तसा तो कवचाला एकेक खोली जोडत जातो. नवी खोली कुठे बसते, केवढी असते, किती वळते, याचं गणित मांडून संगणकावर हुबेहूब तसंच कवच उभं करायचं, हे तिचं काम. त्यातलं एक कवच फार हट्टी निघालं. सुरुवातीला ते चकलीसारखं वळतं आणि मग वळणं सोडून सरळ वाढत जातं, जुन्या छत्रीच्या दांड्यासारखं. तिच्या गणितातून ते काही केल्या सरळ निघेना.

मे महिन्यात समितीपुढे काम मांडायचं होतं. तिथे जमलं नाही, तर पीएचडी सोडून चितेगावच्या कंपनीत लागायचं, असं तिने आबांना, म्हणजे वडिलांना, कबूल केलं होतं. आबा पडेगावच्या पुढे मेंढरं चारायला न्यायचे आणि तिथून फोन करायचे. आवाज असा, की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा.

"झाली का गं तुझी गोगलगाय?"

"गोगलगाय नाय हो, आबा!"

"मंग काय हाय?"

"त्याच्याहून लई बारीक."

"आन् तेवढ्याला इतकी वर्सं?"

एका दुपारी ती आकड्यांचा कागद घेऊन खाली आली. म्हणाली, "आजी, मला हे कवच विणून देता का? पडद्यावर मागची बाजू दिसत नाय. समितीच्या हातात काहीतरी द्यावं म्हणते."

माझं सारं शिक्षण इंग्रजीतून झालं, पण क्रोशा मी आईकडून शिकले. त्यामुळे साखळी, खांब, मुका खांब ही टाक्यांची नावं माझ्याकडे मराठीतूनच आली. मी कूलरसमोर बसले आणि एकेका खोलीसाठी एकेक गोळा विणायला घेतला, प्रत्येक गोळा आधीच्यापेक्षा थोडा मोठा. ती कागदावरून सांगायची, पहिल्या खोलीपासून इतकं वळा, इतकं लांब जा. वळणापर्यंत सगळं ठीक चाललं. कवच सरळ व्हायची जागा आली आणि मी थांबले.

"अगं, तुझ्या आकड्यांप्रमाणे हा गोळा हवेत राहतोय. धागा कुठून आणू?"

"हवेत?" तिने कागद उलटसुलट केला. "संगणकावर बी असंच होतंय. मी मग आकडे हातानं सरकवते."

"माझ्याकडून ते व्हायचं नाही. आधीच्या टाक्यातूनच मला पुढचा टाका काढता येतो. सगळं पहिल्या खोलीपासून कशाला मोजतेस?"

तिने माझ्या सुईवरचा टाका बोटाने चाचपून पाहिला. मग एकदम हसली. "आजी, त्या जिवाला तरी कुठं माहीत असतंय पहिली खोली कुठं राहिली ते! त्याला शेवटचं दार तेवढं माहीत. तिथूनच तो बाहेर येतो, तिथंच पुढची बांधतो."

हा काही माझा शोध नव्हे, हे ध्यानात ठेवा. तिनेच सांगितलं, की परदेशातल्या लोकांनी अशी मोजणी आधीच केलेली आहे आणि तिने ती वाचलीही होती. तेव्हा अवघड वाटली, म्हणून तिने एकाच आसाभोवती फिरवायची सोपी रीत धरली. साध्या वळणाच्या कवचांना ती चालून गेली. हे एक तिथे अडलं.

पुढचे काही दिवस वरून नुसता कळफलकाचा आवाज येत होता. नव्या गणितात प्रत्येक खोली आधीच्या दारापासून मोजायची आणि सरळ व्हायच्या जागी वळण हळूहळू कमी करत शून्यावर आणायचं. एका सकाळी ती धावत खाली आली. पडद्यावर एकेक खोली उगवत होती. वळलं, वळलं, आणि मग कवच सरळ निघालं. सूक्ष्मदर्शकातल्या फोटोवर ठेवलं, तर शेवटच्या दोन खोल्या जराशा फुगीर होत्या, बाकी बरोबर. तोवर एकेक गोळा आधीच्यातून काढत माझं विणकामही पुरं झालं.

समितीत, तिने मला नंतर सांगितलं त्याप्रमाणे, एकाने दोऱ्याचं कवच हातात घेऊन विचारलं, "हे संशोधन आहे की महिला मंडळ?"

ती म्हणाली, "सर, उसवून बघा. प्रत्येक खोली आधीच्या खोलीतूनच निघालीय. माझं गणितही आता तसंच आहे."

उसवलं कुणी नाही. फुगीर खोल्या दुरुस्त करा आणि हीच रीत आणखी तीन जातींवर लावून दाखवा, एवढं सांगून त्यांनी काम पुढे चालू ठेवायला मंजुरी दिली.

घरी आल्यावर तिने चप्पलही न काढता जिन्यातूनच फोन लावला. "आबा, पास झालं. मी चितेगावला जात नाय."

पलीकडे आबांनी आधी मेंढरांना हाकारलं. मग आबा म्हणाले, "बरं. सांगतो मी त्या कंपनीवाल्याला. आन् जेवलीस का?"

"व्हय."

"खोटं बोलते हो ती!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "सकाळपासून उपाशी आहे!"

"मंग तिला वाढा आधी," आबा म्हणाले, आणि मी ताट घेतलं.