जास्तीचं ताट

संप फिसकटला तेव्हा माझा देवावरचा विश्वास उडाला, असं म्हणणं खरं होणार नाही. सकाळी दिवा मी लावत होतो. मात्र काही मागायचं बंद केलं होतं. गिरणी गेली, गिरणीच्या कँटीनमधली माझी नोकरी गेली, याचं दुःख होतंच. त्याहून मोठं होतं ते धाकट्या भावाचं. अनंता त्याच गिरणीत साचेखात्यात, मागावर होता. संप चालू असताना तो पोलिसांच्या गाडीत बसून कामावर गेला. लालबागच्या आमच्या चाळीने त्याच्याशी बोलणं टाकलं, तसं मीही टाकलं. तो बायकोला घेऊन शिवडीला राहायला गेला. पुढे त्याला मुलगी झाल्याचं उडत उडत कळलं. आईने नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचं नाव निघालं की ती भांडी घासायला उठायची.

अशात बंदरात एका ख्रिस्ती धर्मादाय संस्थेचं जहाज काही महिन्यांसाठी येऊन लागलं. त्यावर दवाखाना होता, गरिबांची ऑपरेशनं फुकट व्हायची. रुग्णांसोबत आलेल्यांना जेवू घालायला तिथे माणसं हवी आहेत, हे मला परळच्या बसस्टॉपवर एका अनोळखी गृहस्थाने सांगितलं. तो पुन्हा कधी दिसला नाही. परक्या धर्माच्या ठिकाणी जावं की नाही, म्हणून मी आईला विचारलं. ती आपल्या मालवणीत म्हणाली, "बोट खयच्याय देवाची असांदे. माणसांक वाढूक जातंस मां? मगे जा."

तिथलं जेवणघर तेरेझाबाईंकडे होतं. बाई वसईच्या, आवाज खणखणीत. एका रुग्णामागे एका सोबत्याला जेवणाचं कुपन मिळायचं. पहिल्याच दिवशी मला प्रत्येक टेबलावर कुपनांपेक्षा एक ताट जास्त दिसलं. कँटीनच्या सवयीने मी ती सगळी उचलून ठेवली.

"भाऊ, माझी ताटं कुठं पळवलीत?"

"जास्त होती, बाई. कुपनाइतकीच ठेवली."

"कुपनवाले येणारच हो. ते ताट न सांगता येणाऱ्याचं."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"तर तुम्ही बसा त्यावर! बघा किती वाळलात!"

भांडी विसळणाऱ्या बायका खो खो हसल्या. मी ताटं परत मांडली. रोज मांडू लागलो, पण नियम म्हणून. बहुतेक दिवस ती तशीच कोरडी उचलावी लागत. मग एकदा घरी जेवायला बसताना, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे ताटाच्या उजवीकडे भाताची शितं देवाच्या नावाने ठेवली आणि मनात आलं, ही कोण येऊन खातं हे मी कधी विचारलं आहे? त्यानंतर ते ताट मांडताना माझी कुरकुर थांबली.

एका दुपारी मी भात वाढत पंक्तीतून चाललो होतो. शेवटच्या टेबलावरच्या त्या ताटावर कोणीतरी मान खाली घालून बसलं होतं. जवळ गेलो, त्याने वर पाहिलं. अनंता होता.

माझा हात थांबला. पण पंक्तीत एकाला वाढून दुसऱ्याला वगळणं हे पाप आमच्या घरात कोणी केलेलं नाही. मी वाढलं.

"बास, दादा. थोडाच," तो म्हणाला. मग त्याने ताटाच्या उजवीकडे शितं ठेवली, अगदी वडिलांसारखी.

"इथं कसा?" मी विचारलं.

"पोरीचा ओठ जन्मापासून फाटका. आज शिवला. कुपन तिच्या आईकडे आहे, मी बाहेर जहाजाच्या शिडीपाशी उभा होतो. त्या बाईंनी दंडाला धरून आणलं."

मागून तेरेझाबाई ओरडल्या, "भाऊ, गप्पा नंतर! वरण येऊ दे इकडे!"

मी वरण वाढलं. त्याचं अर्धं जेवण झाल्यावर तो हळूच म्हणाला, "आईला सांगशील?"

"मी नाही सांगणार. तूच पोरीला घेऊन ये."

टाके सुकल्यावर तो आला. चाळीच्या गॅलरीत लोक उभे राहून बघत होते. आईने नात उचलून घेतली, तिच्या ओठावरून पदराचं टोक फिरवलं आणि अनंताला एवढंच म्हणाली, "इलंस? हात धू, पानां घेतलंय."

जहाज निघून गेलं त्याला बराच काळ लोटला. हे कोणत्या देवाने घडवलं, याचा हिशोब मी मांडत नाही. मला तो जमणार नाही. मी माझ्या गावच्या रवळनाथाचे आभार मानतो आणि त्या बाईंच्या येशूचेही. ताट मांडणं तेवढं आपल्याकडे असतं, त्यावर कोणाला बसवायचं ते आपल्या हाती नसतं, हे मला तिथे कळलं. मागणं अजूनही मी फारसं मागत नाही. पण आता ते रुसून नव्हे.

घरी मी रोज एक ताट जास्त घेतो. पहिल्या दिवशी आईने विचारलं होतं, "आता आणि कोण येवचो रवलो?"

"ठाऊक नाही, आई," मी म्हणालो आणि पाण्याचा पेला त्या ताटाशेजारी ठेवला.