कॉम्प्युटरनं विचारलेले तीन प्रश्न

बाबा गेले आणि मी त्यांचा पासवर्ड विसरलो.

दिवाळीत त्यांनी तो मला सांगितला होता. मी मोबाइलमध्ये डोकं घालून "हो हो" म्हणालो होतो.

आज बाबांची तेरवी. परवा आईनं एकच गोष्ट मागितली.
"त्यायचं गानं ऐकव नं बाबू."

दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत दंडार हे लोकनाट्य व्हायचं, त्यात बाबा गायचे. त्याचं रेकॉर्डिंग होतं फक्त आमच्या गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या खताच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर.

आधी मी माझं नाव टाकून पाहिलं. मग ताईचं. मग माझ्या मुलीचं.
आईचं नाव सुचलं ते सगळ्यांत शेवटी.
एकही चाललं नाही.

गोंदियाच्या रिपेअरवाल्याला फोन लावला.
"भैया, डेटा चाहिए क्या? नहीं तो फॉर्मेट मार देता हूँ."
म्हटलं, डेटाच पाहिजे.
"तो नीचे रिसेट दबाओ. सवाल आएंगे. जवाब दे दो, खुल जाएगा."

प्रश्नांची उत्तरं बाबांनीच कधीतरी भरून ठेवलेली. स्वतःच्या बापाबद्दल तर विचारणार, त्यात काय एवढं, असं वाटलं मला.

पहिली शाळा? आईनं सांगितली.

जन्मगाव? ऐटीत गोरेगाव टाकलं.

लहानपणीचं टोपणनाव?
मी आईकडे पाहिलं.
"मी लगन होऊन आली तवा ते मोठे झालते नं," आई म्हणाली.

मग देवरीला आत्याबाईला फोन केला. बाबांची धाकटी बहीण.
"काऊन रे, तुले मालूम नाही? उकंड्या."

तीच पुढे बोलली.

"मायची पयली दोन लेकरं गोरेगावले जलमली अन् गेली. म्हनून तिसऱ्या खेपेले तिले मायरी आनलं, इकडं देवरीले. दादा झाला तसा उकंड्यावर ठेवला, अन् मंग उचलून घरात घेतला. नजर लागू नये म्हनून."

उकिरड्यावर. माझ्या बाबांना.

म्हणजे जन्मगावही चुकलंच होतं. बाबांच्या आधी दोन भावंडं होऊन गेली, हेही मला आत्ता कळत होतं.

दोन्ही उत्तरं टाकली. कॉम्प्युटर उघडला.

आज सकाळी मांडवात आईनं गाणं ऐकलं, डोळे मिटून. लोक मला म्हणाले, बरं केलंस. मला त्यांच्याकडे बघवेना. मी मागे खुर्च्या लावत राहिलो.

आत्याबाईनं फोन ठेवताना विचारलं होतं, "दादानं तुले कधी सांगतलं नाही का रे?"
"नाही," मी म्हणालो. जणू चूक बाबांचीच.

दुकानात एकटे बसून त्यांनी हे सगळं मशिनला सांगितलं, कारण मशिननं विचारलं.
मी कधीच विचारलं नाही.

बाबा, न विचारणाऱ्या मुलाकडून तुम्हाला श्रद्धांजली.