बॅटरी काढलेल्या गाडीचे दिवे

मंडळी, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नवऱ्याबरोबर ऑटो-इलेक्ट्रिकचं दुकान चालवलेली बाई मी... मला करंट कळतो, अर्थिंग कळतं. बाकी गप्पा मारण्यात माझा हात कुणी धरणार नाही, हे कबूल. पण ही थाप नाही.

माझी थोरली बहीण, अक्का, बसवनगुडीत राहते. आम्ही मूळच्या निपाणीच्या, लग्नानंतर दोघीही या कानडी शहरात आलो. दाजी — तिचे यजमान — गेल्या वर्षी गेले. मागे उरली फाटकाच्या आत उभी असलेली त्यांची जुनी गाडी. दाजींची एक पद्धत होती. तिन्हीसांजेला गाडीत जाऊन बसायचे आणि हेडलाइटचा डिपर दोनदा मारायचे. हाक नाही, हॉर्न नाही. अक्का पदर सावरत खाली यायची आणि दोघं फिरायला जायची.

दाजी गेले आणि गाडीचे दिवेही बंद पडले.

"सुमे, स्वल्प बघ की," अक्का म्हणाली. तिला गाडी चालवता येत नाही. मग दिवे हवेत कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

बॅटरी चार्ज करून आणली. बल्ब तपासले, ठीक. फ्यूज ठीक. हॉर्नचा रिले काढून हेडलाइटच्या जागी लावला, तरी अंधार. शेवटी रेडिएटरच्या बाजूला अर्थिंगची वायर गंजून सुटलेली सापडली. घासली, आवळली... दोन्ही दिवे लख्ख. मी स्वतःसाठीच टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला, गाडीत कुणी नसताना, दिवे दोनदा लुकलुकले.

मी हसले. स्विचमध्ये ओल गेली असणार. स्विचचं कनेक्शन सोडवलं आणि मुक्काम अक्काकडेच ठोकला. पुढच्या संध्याकाळी पुन्हा तेच. रिले काढून पर्समध्ये टाकला. पुन्हा तेच. मग चिडून बॅटरीच उचलली आणि स्वयंपाकघरात तेलाच्या डब्याशेजारी नेऊन ठेवली. त्या संध्याकाळी दिवे जरा जास्तच उजळ दिसले.

पहिल्या दिवशी अक्का नुसती खिडकीत आली होती. मग जिन्यापर्यंत. आता ती ठेवणीतलं इरकल नेसून, चपला घालून फाटकापाशी उभी होती. जेवण तर तिने सोडल्यातच जमा होतं. ही फिरायला निघालेली नाही, परत न येण्यासाठी निघालीय, हे मला तेव्हा कळलं.

आमच्या तरुणपणी या शहरात दारादारांवर 'नाळे बा' लिहिलेलं असायचं — उद्या ये. ओळखीच्या आवाजात दारात हाक मारणारी जी कोण होती, ती म्हणे ते वाचून परत फिरायची. मी तेव्हा लोकांची भरपूर टिंगल केली होती. आता गुपचूप खडू घेतला आणि बॉनेटवर तेच लिहिलं. दिवे लागले नाहीत. सरी, ठीक, जमलं, म्हटलं.

सकाळी बघते तर अक्का पदराने अक्षरं पुसत होती.

"घरच्या माणसाला दारातून परत पाठवतात होय गं?"

त्या संध्याकाळी ती गाडीत जाऊन बसली. डावीकडे, तिच्या नेहमीच्या जागेवर. मी हाताला धरून ओढलं, ती हलेना. दिवे लागले... आणि या वेळी विझले नाहीत. पेट्रोलचा काटा सावकाश वर चढायला लागला. बॅटरी स्वयंपाकघरात, आणि काटा चढतोय.

मला काय सुचलं कुणास ठाऊक. मी गाडीला वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या सीटवर धपकन बसले. सीट कोमट होती. दिवे गेले.

अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बसलीस. आता ते कुठं बसायचे?"

तेव्हापासून ती जेवते, पण माझ्याशी बोलत नाही. गाडी विकू देत नाही. सगळं वायरिंग मी पुन्हा तपासलं, दोष कुठेच नाही. कारण मला आजही सांगता येणार नाही. मी फक्त रोज तिन्हीसांजेला त्या सीटवर जाऊन बसते, रस्त्यावरचे दिवे लागेपर्यंत.

पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तुमच्यापैकी कुणी बसवनगुडीत राहत असेल, तर एक संध्याकाळ नुसतं बसायचं आहे. दाजी उंच होते, त्यामुळे सीट रोज मागे सरकलेली सापडते. आधी ती पुढे ओढायची... मग बसायचं.