बिनआवाजाची डबी

आमच्या घरातल्या माणसाचं नाव वना. बाईने नवऱ्याचं नाव घेतलं म्हणून कोणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं. तीस वर्षं उखाण्यात घेतलं, आता लिहिताना कसली लाज? धुळ्यात पारोळा रोडला त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेल्या मोटारी आणून टाकतात आणि हे त्यांच्यात तांब्याची तार नव्याने भरतात. पण लग्नसराई लागली की दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि हे लाल इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून बँडच्या गाडीवर चढतात. वय छप्पन्न, डोक्यावर केस मोजून चाळीस, पण गाडीवर चढले की अंगात वारं शिरतं.

त्याच बँडमध्ये आमचे शेजारी भाईदास बेंजो वाजवायचे. आमच्या दोन्ही घरांची मधली भिंत एकच. त्यांनी थोरल्या लेकीच्या, ज्योत्स्नाच्या लग्नात, तिला सासरी पाठवताना, एक चाल वाजवली होती. शब्द नाहीत, काही नाही, नुसता बेंजो. पुढे ती इतकी गाजली की आसपासच्या खेड्यांतले लोक बँड ठरवतानाच विचारायचे, पाठवणीला भाईदासची चाल आहे ना? नवरीकडचे रडायचे, नवरदेवाकडचेही रडायचे. मीही रडायचे, आणि मी काही सहजासहजी रडणारी बाई नाही.

गेल्या मार्गशीर्षात भाईदास गेले. सकाळी चहा घेतला, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं. मागे बायको पुष्पाबाई आणि लग्न ठरलेली धाकटी लेक मोहिनी. आमच्याकडे घरात माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. मुलाकडच्यांनी समजूतदारपणा दाखवला आणि वैशाखातली तारीख धरली. लग्न देवपूरच्या एका हॉलमध्ये, साध्यात, बँड नाही.

मोहिनीने एकच हट्ट धरला, बाकी सगळं राहू दे, पण बापाची चाल हवी. आमच्या ओट्यावर येऊन बसली आणि ह्यांना म्हणाली, "नाना, बठ्ठं राहू द्या, पन मन्हा बापनी चाल वाजाडशी ना?"

ह्यांनी मान हलवली, पण पुष्पाबाईंचे थोरले दीर, जीवराम आबा, तिथेच बसले होते. आबा कमी बोलतात आणि बोलले की तोडून बोलतात. म्हणाले, "येत व्हई ते वाजाडा. अर्धीमुर्धी वाजाडी मन्हा भाऊनं हासू करू नका."

आबांचं म्हणणं खोटं नव्हतं. चाल ह्यांना अर्धीच येत होती. गाडीवर हे मागून साथ द्यायचे. पुढचा सगळा खेळ भाईदासच्या बोटांत. लोकांच्या मोबाईलवरचे व्हिडिओ गोळा केले, तर त्यात जनरेटरची घरघर, बायकांचं रडणं आणि कोणीतरी "गाडी पुढे घ्या" म्हणून ओरडणारा. पहिला भाग कळायचा. दुसरा भाग नेमका त्या गोंधळात बुडालेला.

आणि सराव करायचा तरी कुठे? ज्या घरात दुःख झालं त्याच्या भिंतीला लागून वर्षभर वाद्य वाजवायचं नाही, ही आमच्या गल्लीची रीत. कोणी लिहून ठेवलेली नाही, पण पाळतात सगळे. आमच्या दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्यांनी तर सव्वा महिना टीव्हीसुद्धा हळू लावला होता. दुकानात वाजवावं तर तिथे शेजारच्या वर्कशॉपचा दिवसभर ग्राइंडर.

तेव्हा ह्यांनी माळ्यावरून ती डबी काढली. साबणाच्या दोन वड्यांएवढी, काळ्या प्लास्टिकची, पट्ट्याला अडकवायची. नशिराबादच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याने गिटार सोडली तेव्हा ह्यांना देऊन टाकलेली, पस्तीसेक वर्षांपूर्वीची. तिच्यात आठ पेन्सिल सेल बसतात. गिटारची वायर एका बाजूला खुपसायची, हेडफोन दुसऱ्या बाजूला, की मोठ्या स्पीकरमधून येईल तसा भरलेला, घुमणारा आवाज फक्त आपल्या कानात येतो. बाहेर काही नाही. भाच्याने सांगून पाहिलं की मामा, आता हे सगळं मोबाईलवर होतं. हे म्हणाले, मोबाईलमध्ये बोट आधी पडतं आणि आवाज मागून येतो, मला ते चालत नाही. मग सेलचे गंजलेले पत्रे पॉलिश पेपरने घासले, आतले दोन कपॅसिटर बदलले. हेडफोनचा स्पंज भुगा होऊन कानाला चिकटत होता, म्हणून मी जुन्या मखमली ब्लाऊजची टोपणं शिवून दिली. जांभळी. ती घालून बसले की हे नेमके कसे दिसायचे ते मी लिहीत नाही.

चैत्रातल्या उन्हात दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. जेवण झालं की हे मागच्या खोलीत, भिंतीला टेकून, कानाला टोपणं लावून बसायचे. बाहेर तारांची नुसती टिकटिक ऐकू यायची.

पण कान बंद झाले की माणसाला आपलाच आवाज कळत नाही, हे ह्यांच्या गावीही नव्हतं. वाजवता वाजवता हे चाल तोंडाने म्हणायचे. म्हणायचे कसले, भोंगा लावायचे! "तानाना, तानाना" अशी सुरुवात, मग आवाज चढत चढत जायचा आणि अडकलं की मोठ्याने "हॅट्!" पुन्हा पहिल्यापासून. हात सोन्याचा, पण गळा देवाने घाईत बसवलेला.

मी सांगायला हवं होतं. पहिल्याच दिवशी खांद्याला हात लावून सांगायला हवं होतं की अहो, शेजारी दुःखाचं घर आहे. पण सांगितलं तर लाजून डबी माळ्यावर टाकतील आणि मोहिनीची चाल राहील, या भीतीने मी गप्प बसले. शिवाय खरं सांगते, मला हसूही यायचं. दुपारी भांडी घासताना मी पदराने तोंड दाबून हसायचे, आणि मग पुष्पाबाईंच्या घराकडे बघून मलाच माझी शरम वाटायची.

पंधरा दिवस असे गेले. रोज तोच भाग, रोज तीच जागा, रोज तोच "हॅट्!"

सोळाव्या दिवशी मागचं दार ढकलून पुष्पाबाई आत आल्या. मार्गशीर्षापासून बाईने दुसऱ्याचा उंबरा ओलांडला नव्हता. हाताला कणीक तशीच. मला वाटलं, आता सुनावतील, आणि सुनावलं तर बरोबरच आहे. त्या सरळ ह्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि एका कानाचं जांभळं टोपण बाजूला ओढलं.

"वना, तठे चाल खाले नही उतरस. वर जास."

हे दचकून उभेच राहिले. "वहिनी, तुले कसं समजनं?"

"कसं म्हंजे? तू रोज बोंबलस ना! बठ्ठी गल्ली ऐकस. पंधरा दिन व्हई ग्यात, रोज तठेच चुकस."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चुलीकडे पाहिलं, तिथे गॅस होता, तोही बंद.

पुष्पाबाई खाली बसल्या. म्हणाल्या, पाठवणीची चाल म्हणून तू रडवी करतोस, सारखी खाली नेतोस. मग भाईदासचं बोलणं त्यांनी त्यांच्याच शब्दांत सांगितलं. "ते म्हनेत, पोर निंघस तव्हय तिनी मान खाले राहस. पन गाडीमा बठताना तिनी मान वर कराले पाहिजे. म्हनीसन तठे चाल वर जास." आणि त्यांनी ती जागा हलक्या आवाजात म्हणून दाखवली. चार महिन्यांत त्या घरातून आलेला तो पहिला सूर. मी हातातलं फडकं घट्ट धरून उभी राहिले.

त्या डबीला हेडफोनची दोन भोकं आहेत. ह्यांनी माझ्या भाच्याचे हेडफोन दुसऱ्या भोकात घातले आणि पुष्पाबाईंच्या कानांवर ठेवले. मग वाजवलं. मला टिकटिकीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. दिसत मात्र होतं. पुष्पाबाईंनी डोळे मिटले होते, कणकेचं बोट हवेत हळूहळू वर जात होतं, आणि गालांवरून पाणी. मला चक्क हेवा वाटला. भोकं दोन आणि माणसं तीन. पुष्पाबाईंनी डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या हेडफोनचा एक कान वळवून माझ्याकडे केला. आम्ही दोघी डोक्याला डोकं लावून बसलो. भिंतीपलीकडचा बेंजो गिटार होऊन माझ्या एका कानात वाजत होता, आणि गल्लीची रीत कणभर मोडली नव्हती.

पुढचे दहा दिवस त्या रोज दुपारी आल्या. हे आपलं तोंड बंद राहावं म्हणून गालात सुपारी धरून वाजवायचे. शेवटी आबांना बोलावलं. आबांनी जांभळी टोपणं आधी उलटी लावली, मग सुलटी. ऐकून झाल्यावर बराच वेळ काढलीच नाहीत. मग म्हणाले, "हॉलमा मोठा स्पीकर लावजो."

लग्न नीट पार पडलं. पाठवणीच्या वेळी मोहिनीने आईच्या गळ्याला मिठी मारली ती सुटेना. तोंड आईच्या खांद्यात, शेला कुठे, मुंडावळ्या कुठे. ह्यांनी गिटार छेडली. पहिला भाग खाली खाली गेला, आणि बायका पदर शोधायला लागल्या. मग ती जागा आली. बोटं वर चढली, चाल वर गेली आणि मोहिनीने मान उचलली. तिला ती जागा कधीचीच पाठ होती. मान बापाने सांगितलं होतं तशीच, सरळ, वर.

आणि नेमक्या त्या वेळी ह्यांच्या गालातली सुपारी सुटली. "तानाना, तानाना!" स्पीकरला न जुमानता तो भोंगा हॉलभर फिरला. मोहिनीने रडक्या नाकाने एक श्वास ओढला आणि खदखदून हसत ओरडली, "नाना, तू नुसतं वाजाड! गाऊ नको!"

सगळा हॉल हसला. आबासुद्धा हसले. पण पुष्पाबाई हसल्या नाहीत. त्या ह्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि तीच जागा मोठ्याने, अगदी सुरात, लेकीच्या डोळ्यांत बघत म्हणू लागल्या. मोहिनी मान वर ठेवूनच गाडीत बसली.